शब्दचर्चा : इटलीतल्या ‘साग्रा’ला मराठीत काय म्हणावं?

अक्षरवेल

इटलीतल्या लहान गावांच्या हंगामी खाद्यसोहळ्यांवरची एक माहितीपुस्तिका मराठीत आणण्याचं काम हातात आहे. मूळ मजकूर इटालियन. त्यात चार शब्द सतत येतात : साग्रा, फिएरा, फेस्ता आणि पालिओ. सोबत दिलेल्या इंग्रजी प्रतीत या चारही शब्दांना सरसकट ‘फेस्टिव्हल’ करून टाकलं आहे. मीही ‘महोत्सव’ लिहीत गेले, तर दर पानावर महोत्सवच महोत्सव होतील आणि गावागावातला फरक पुसला जाईल. तसं करायला मन धजत नाही.

जाणकारांना विचारायचं आहे ते असं. साग्रा आणि फिएरा यांच्यात नेमकं काय वेगळं? साग्रेला ‘जत्रा’ म्हटलेलं चालेल का, की जत्रा म्हटलं की देव हवाच? आणि ‘साग्रा’ हाच शब्द ठेवला तर मराठी वाचकाला तो पचेल का?

पुस्तिकेतली काही नावं देते : साग्रा देल्लूवा (द्राक्षांची, मारीनो), साग्रा देल पेशे (माशांची, कामोल्यी), साग्रा देल्ले फ्रागोले (स्ट्रॉबेरीची, नेमी), साग्रा देल्ला पोर्केत्ता (भाजलेल्या डुकराची, अरीचा). पण आल्बा गावच्या ट्रफलचा (जमिनीखाली वाढणाऱ्या सुवासिक बुरशीचा) सोहळा मात्र ‘फिएरा’ आहे. तिथे साग्रा का नाही?

तोरिनोवासी

प्रश्न वाचून बरं वाटलं. इथे राहून साग्रांना जाणारा माणूस म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मूळ अर्थ. पवित्र या अर्थाचा लॅटिन शब्द ‘साकेर’, त्याचं इटालियन विशेषण ‘साक्रो’ आणि बोलीतलं जुनं रूप ‘साग्रो’. त्यावरून ‘साग्रा’. चर्च बांधून झालं की बिशप येऊन वास्तूचं पवित्रीकरण करत असे. तो दिवस, आणि पुढे दरवर्षी येणारा त्याचा वर्धापनदिन, म्हणजे साग्रा. मग गावच्या रक्षक संताच्या सणालाही साग्रा म्हणू लागले. चर्चसमोरच्या मोकळ्या जागेला आजही ‘साग्रातो’ म्हणतात, तोही याच कुळातला. सणाच्या दिवशी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) आटोपली की माणसं त्याच जागेत थांबायची, तिथेच जेवणं व्हायची, खेळ व्हायचे. ज्या हंगामात सण येई, त्या हंगामात शेतात-समुद्रात जे असेल तेच ताटात पडे. असं करत करत संत मागे सरकला आणि ताट पुढे आलं. आज कुणी साग्रा म्हटलं की इटालियन माणूस विचारतो, ‘कशाची?’ कुठल्या संताची, असं फारसं कुणी विचारत नाही.

मूळ अर्थ संपलेला नाही, हेही ध्यानात घ्या. सार्डिनियातल्या काल्यारी शहरात १ मे रोजी संत एफिसिओची मिरवणूक निघते, तिला वर्तमानपत्रं आजही ‘साग्रा दी सांतेफीसिओ’ म्हणतात. १६५२च्या प्लेगमध्ये नगराने नवस बोलला, १६५७ साली पहिली मिरवणूक निघाली, आणि तो नवस अजून फेडला जातो. संताची मूर्ती शहरातून समुद्रकाठच्या नोरापर्यंत जाते, कारण त्याला देहदंड तिथे झाला, आणि ४ मेच्या रात्री परत येते. सजवलेल्या बैलगाड्या, गावोगावचे पारंपरिक पोशाख, हजारो माणसं चालत. यात विशिष्ट खाद्यपदार्थाचा संबंध नाही. पुस्तिकेत ही साग्रा असेल तर तिला ‘खाद्यजत्रा’ लिहू नका.

आता तुमच्या यादीतली नावं. मारीनोची द्राक्षांची साग्रा १९२५पासूनची, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारची. त्या दिवशी चौकातल्या कारंज्यातून पाण्याऐवजी वाइन वाहते आणि लोक पेले भरून घेतात. (२००८ साली नळजोडणी चुकली आणि वाइन काही घरांच्या नळांना आली. ही गोष्ट तिथे अजून रंगवून सांगतात.) वरवर पाहता हा निव्वळ द्राक्षांचा सोहळा वाटतो, पण त्याला जोडूनच जपमाळेच्या मातेचा (मारियेचा) सण असतो आणि ७ ऑक्टोबर १५७१च्या लेपांतोच्या आरमारी लढाईची आठवणही. मार्कान्तोनिओ कोलोन्ना त्या लढाईत पोपच्या आरमाराचा सेनापती होता आणि मारीनो हे कोलोन्ना घराण्याचं गाव. त्याच्या परतण्याची मिरवणूक दरवर्षी वेशभूषेसह निघते. म्हणजे देव, इतिहास आणि द्राक्षं, तिन्ही एकत्र.

कामोल्यीचंही तसंच. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बंदरावर जवळपास चार मीटर व्यासाच्या कढईत मासे तळतात. १९५२पासून हे चालत आलंय. आदल्या रात्री संत फोर्तुनातोसाठी गावातल्या दोन वस्त्या समुद्रकिनाऱ्यावर मोठाल्या होळ्या पेटवतात. फोर्तुनातो हा तिथल्या कोळ्यांचा रक्षक संत. आधी त्याला मान, मग तळण. जुन्या निवृत्त कढया गावात भिंतीवर टांगून ठेवल्या आहेत. इतक्या मोठ्या की आधी त्या कढया आहेत हे लक्षातच येत नाही.

नेमी हे रोमजवळ ज्वालामुखीच्या तळ्याकाठी वसलेलं गाव. तिथली साग्रा १९२२पासूनची, जूनमधली. इथे एक सूचना : नेमीची स्ट्रॉबेरी म्हणजे महाबळेश्वरची जाड लाल स्ट्रॉबेरी नव्हे. ती रानातली जात, करवंदाएवढी, वासाला तीव्र. ती वेचणाऱ्या बायकांना ‘फ्रागोलारे’ म्हणतात. लाल परकर, काळी चोळी, डोक्यावर पांढरं वस्त्र अशा वेषात साग्रेच्या दिवशी त्या मिरवतात. भाषांतरात ‘रानस्ट्रॉबेरी’ लिहा, नाहीतर वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतंच फळ येईल.

फिएरा हा वेगळा शब्द. लॅटिन ‘फेरिए’ म्हणजे सुट्टीचे, देवाचे दिवस. सणाला माणसं जमली की व्यापारी येणारच. त्यामुळे शब्दाचा अर्थ हळूहळू ‘व्यापारी मेळा’ असा झाला. आल्बाला फिएरा म्हणतात ते यामुळेच. तिथे शरद ऋतूत पांढऱ्या ट्रफलची खरेदी-विक्री होते. शिकारी आपल्या कुत्र्याच्या मदतीने रात्री जंगलात शोधलेली ट्रफल कागदात वा फडक्यात बांधून आणतो, परीक्षक ती हातात घेऊन दाबून-हुंगून पाहतात, मग तराजू. जाकोमो मोर्रा या आल्बातल्या हॉटेलमालकाने १९२९च्या सुमारास या प्रदर्शनाला आकार दिला, तोही माल जगापुढे नेण्यासाठी. साग्रेत गाव ताट वाढतं, फिएरात गाव माल विकतं. माझ्या मते भाषांतरात हा भेद सांभाळणं सगळ्यांत महत्त्वाचं.

कोशवेडा

तोरिनोवासींच्या माहितीला एक जोड. साक्रो आणि साग्रो यांचं नातं मराठी माणसाला सहज कळावं, कारण आपल्याकडे हेच तत्सम-तद्भव म्हणून शिकवतात. लॅटिनमधला दोन स्वरांमधला किंवा ‘र’च्या आधीचा ‘क’ इटालियन बोलींत बऱ्याच जागी ‘ग’ झाला : लाकुस (तळं) चं लागो, स्पीका (कणीस) चं स्पीगा. पोथीतल्या वळणाचा ‘साक्रो’ राहिला, लोकांच्या तोंडचा ‘साग्रा’ झाला. आपल्याकडे संस्कृतातला सुरुवातीचा ‘य’ प्राकृतात ‘ज’ होतो. योगीचा जोगी, यवाचा जव, आणि यात्रेची जत्रा.

अर्थाचा प्रवासही त्याच वळणाचा आहे. यात्रा म्हणजे देवदर्शनाला जाणं. जत्रा म्हणजे देवाच्या निमित्ताने गाव जमणं. आणि ‘काय जत्रा भरलीय!’ म्हणताना देव शोधूनही सापडत नाही, फक्त गर्दी उरते.

म्हणून अक्षरवेल, ‘जत्रा’ला माझं पूर्ण समर्थन. दोन्ही शब्द देवळातून निघून बाजारपेठेत आले, तरी दोघांच्या अंगाला अजून थोडा गुलाल आहेच. ‘महोत्सव’ हा शब्द मात्र कार्यालयातून आला आहे. त्याला अध्यक्ष लागतो, उद्घाटन लागतं, फ्लेक्स लागतो.

मालवणमुक्कामी

कोशवेडांशी सहमत, पण एक हरकत नोंदवतो. कोकणात जत्रेला देव हवाच. आंगणेवाडीची जत्रा भराडी देवीची, तिची तारीख देवीच्या कौलाने ठरते. तिथे खाजं विकलं जातं, कढईतून काढलेलं, गुळात आणि आल्यात घोळलेलं, आणि खाजं घेतल्याशिवाय घरी कुणी परतत नाही. पण म्हणून तिला कुणी ‘खाजाची जत्रा’ म्हणणार नाही. म्हटलं तर म्हातारी माणसं रागावतील. ‘पोर्केत्ताची जत्रा’ हे माझ्या कानाला खटकतं ते एवढ्यासाठी. भाजलेल्या डुकराच्या नावाने जत्रा कशी?

दुसरं, आमच्याकडे जत्रेला हवशे, नवशे, गवशे असे तिघंही येतात. साग्रेला नवशे येतात का? नसतील तर जत्रा अपुरी.

तोरिनोवासी

मालवणमुक्कामी, हरकत रास्त आहे आणि तिचं उत्तर गावागणिक बदलतं. काल्यारीला नवशे येतात. कामोल्यीला थोडे. अरीचाच्या पोर्केत्ताला बहुधा नाहीच. ती १९५०पासूनची, आणि पोर्केत्ता म्हणजे हाडं काढून, मीठ, मिरी, लसूण, रोझमेरी भरून, बांधून सावकाश भाजलेलं आख्खं डुक्कर. तिथे माणसं पोटासाठीच येतात आणि ते लपवतही नाहीत.

विसाव्या शतकात निघालेल्या बऱ्याच साग्रांना संत नव्हताच, हे सांगायला हवं. फॅसिस्ट राजवटीने लोकांच्या फावल्या वेळावर ताबा ठेवण्यासाठी १९२५ साली ‘दोपोलावोरो’ ही संस्था काढली. १९३०पासून देशभर सरकारी द्राक्षदिन साजरा करायला लावला, कारण द्राक्षं पडून होती आणि खप वाढवायचा होता. इम्प्रुनेताचा द्राक्षसोहळा (नावाने ‘फेस्ता’) त्याच काळातला, १९२६चा. चार वस्त्या मोठमोठे चित्ररथ बनवतात आणि चौकात आपापसांत चुरस लावतात. राजवट गेली, चुरस राहिली. त्यामुळे ‘साग्रा म्हणजे फार प्राचीन लोकपरंपरा’ असं जिथे तिथे लिहिलेलं दिसतं, ते भाषांतरात तसंच उतरवू नका. काही परंपरा साडेतीनशे वर्षांच्या आहेत, काही आपल्या आजोबांच्या वयाच्या.

मग साग्रा ही साग्रा कशामुळे? माझं उत्तर : रांधणारे हात कोणाचे यावरून. जवळजवळ प्रत्येक गावात ‘प्रो लोको’ नावाचं स्वयंसेवी मंडळ असतं. लॅटिनमध्ये ‘जागेसाठी’, म्हणजे ‘गावासाठी’. पहिलं मंडळ १८८१ साली पिएवे तेझीनोत निघालं असं मानतात. तेव्हा ते गाव ऑस्ट्रियाच्या राज्यात होतं. आज देशभर अशी सहा हजारांहून जास्त मंडळं आहेत आणि १९६२पासून त्यांचा राष्ट्रीय संघही आहे. साग्रा भरवतं ते हे मंडळ.

प्रत्यक्षात दिसतं असं. गावच्या मैदानावर मांडव, खाली लांब लाकडी टेबलं आणि घडीची बाकं. तोंडाशी ‘कास्सा’, म्हणजे पैसे घेण्याची खिडकी. तिथे पदार्थांची छापील चिठ्ठी आणि एक पेन मिळतं. कोणता पदार्थ किती हवा ते आकडे आपणच भरायचे, पैसे द्यायचे, क्रमांक घ्यायचा. टेबलावर ताटाखाली कागदी चटई असते, तिच्यावर गावच्या गॅरेजवाल्याची, न्हाव्याची, दफनविधी करणाऱ्याची जाहिरात. मागे स्वयंपाकात साठी उलटलेल्या बायका पीठ लाटत असतात, त्यांचे नवरे निखाऱ्यांशी, आणि ताटं आणणारी मुलं गावच्या शाळेतली. त्यांना पगार नसतो. जमलेल्या पैशातून चर्चचं छप्पर, क्रीडांगण, रुग्णवाहिका असं काहीतरी होतं. रात्री अकॉर्डियनच्या तालावर म्हातारी जोडपी नाचतात. ऑगस्टमध्ये तर एका संध्याकाळी शेजारच्या तीन गावांत तीन साग्रा असतात, कारण कामासाठी शहरात आणि परदेशात गेलेले गावकरी तेव्हा घरी आलेले असतात. १५ ऑगस्टच्या ‘फेर्रागोस्तो’ला ऑगस्टस सम्राटाने इ.स.पू. १८मध्ये सुरू केलेल्या सुट्ट्यांचं नाव आहे. चाकरमानी आल्याशिवाय कोकणात कशाला रंग चढत नाही, ते मालवणमुक्कामींना मी सांगायला नकोच.

वसईची पाखाडी

चर्चा वाचून राहवलं नाही. तुम्ही सगळे देऊळ आणि जत्रा यांत शब्द शोधताय, पण मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक हाच प्रकार कित्येक पिढ्या साजरा करताहेत. आमच्याकडे ‘आगेरा’ असतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेतात, धर्मगुरू आशीर्वाद देतात, मग त्या घरी येतात, नव्या तांदळाचं जेवण होतं. शेत या अर्थाच्या लॅटिन ‘आगेर’शी हा शब्द जोडतात. कणीस, चर्च, गाव, जेवण. साग्रेत आणखी काय असतं?

गोव्यातही पाहा. तिथे ‘फेस्त’ हा रोजचा शब्द, पोर्तुगीज ‘फेस्ता’वरून आलेला, म्हणजे अक्षरवेल यांच्या यादीतल्या इटालियन ‘फेस्ता’चा सख्खा भाऊ. तळावलीच्या सांत आनेच्या चर्चचं जुलैअखेरचं फेस्त ‘तवशांचं फेस्त’ म्हणूनच ओळखलं जातं. मूल व्हावं म्हणून जोडपी संत अॅनापुढे तवशी (काकड्या) ठेवतात. मालवणमुक्कामी, हे घ्या तुमचे नवशे, आणि फळाच्या नावाने ओळखला जाणारा सणही. कणसांचं फेस्त वेगळं, पावसाळ्याआधी सुकी मासळी, मिरच्या, कोकमं भरून ठेवायचं पुरुमेंताचं फेस्त वेगळं.

माझी सूचना : जिथे संत ठळक आहे तिथे ‘फेस्त’ वापरा. उसना घ्यायची गरज नाही, शब्द आपल्या किनाऱ्यावरच आहे.

मालवणमुक्कामी

तवशाच्या फेस्ताने माझी हरकत बरीच सैल झाली. ‘तवशांचं फेस्त’ चालतं, मग ‘माशांची जत्रा’ चालायला हवी, हे मान्य. पोर्केत्ताबद्दल मात्र मी अजून अडूनच आहे.

अक्षरवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. वसईच्या पाखाडीचा ‘फेस्त’ फार आवडला, पण देशावरच्या, विदर्भातल्या वाचकाला तो ओळखीचा नसेल, म्हणून तो मी इटालियन ‘फेस्ता’साठीच राखून ठेवेन आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडेन.

आणखी एक शंका. एका इटालियन वर्तमानपत्रात फुटबॉल सामन्याच्या बातमीत ‘साग्रा देल्यी एर्रोरी’ असं वाचलं. चुकांची साग्रा? आणि पुस्तिकेत ‘खोट्या साग्रां’वर एक चौकट आहे, ती नीट कळली नाही.

तोरिनोवासी

पहिलं सोपं आहे. एखादी गोष्ट रेलचेलीने, एकामागून एक होत राहिली की तिची ‘साग्रा’ होते. मराठीत ‘चुकांची जत्रा’ नको, ते ओढून ताणून वाटेल. आपण ‘चुकांचा सपाटा’ किंवा ‘चुकांची नुसती रांग’ म्हणतो.

दुसऱ्यात खरं दुखणं आहे. साग्रा चालते म्हटल्यावर गावाशी काडीचा संबंध नसलेल्या पदार्थांच्या साग्रा निघाल्या. समुद्रापासून दूर डोंगरातल्या गावात गोठवलेल्या माशांची साग्रा, तळघरात साठवलेल्या मालाची बेमोसमी साग्रा. गावातले खाणावळवाले चिडले, आणि त्यांचं चिडणं योग्यच आहे. ते वर्षभर कर भरतात, स्वच्छतेचे नियम पाळतात, आणि ऐन हंगामात शेजारी मांडव टाकून कुणीतरी स्वस्तात ताट वाढतं. प्रो लोकोंच्या राष्ट्रीय संघाने म्हणून ‘दर्जेदार साग्रा’ अशी खूण द्यायला सुरुवात केली. पदार्थ त्या मातीतला हवा, परंपरेशी नातं हवं, ही त्यामागची अट. चौकटीत ‘खोटी साग्रा’ऐवजी ‘नावापुरती साग्रा’ लिहाल तर जास्त बरोबर होईल, कारण तिथे फसवणुकीपेक्षा नातं तुटल्याची तक्रार आहे.

याच्या उलट टोक पाहायचं तर आस्तीला सप्टेंबरात जा. १९७४पासून आसपासच्या गावांची प्रो लोको मंडळं एकाच मैदानावर येतात, प्रत्येक मंडळ आपल्या गावचा ठरलेला पदार्थ रांधतं, आणि रविवारी सकाळी जुनी शेतीची अवजारं, बैल, कपडे यांसह गावोगावचे लोक रस्त्यावरून चालतात. नाव ‘फेस्तिव्हाल देल्ले साग्रे’. इथे तुम्हाला ‘महोत्सव’ हा शब्द सुखाने वापरता येईल : साग्रांचा महोत्सव.

कोशवेडा

उच्चाराचं एक सांगतो. ‘सॅग्रा’ किंवा ‘सगरा’ नको. साग्रा, आघात ‘सा’वर. इटालियनमध्ये शब्द स्त्रीलिंगी आहे, मराठीतही ‘ती साग्रा’ जमून जातं. अनेकवचन त्यांचं ‘साग्रे’, पण मराठीत ‘साग्रा’च ठेवा, जत्रांसारखं. सामान्यरूप ‘साग्रेला, साग्रेत’ आपोआप होतं, म्हणजे शब्द आपल्या व्याकरणात बसला असं समजा.

अक्षरवेल

सध्या ठरवलंय ते असं. फिएरा म्हणजे ‘मेळा’, आल्बाचा ‘पांढऱ्या ट्रफलचा मेळा’. साग्रा प्रथम ‘साग्रा’ अशीच, पहिल्या पानावर ‘गावजत्रा’ असा अर्थ देऊन, मग पुढे मोकळेपणाने ‘द्राक्षांची जत्रा’, ‘रानस्ट्रॉबेरीची जत्रा’, ‘माशांची जत्रा’. अरीचापुरतं मालवणमुक्कामींचं ऐकते आणि ‘पोर्केत्ताची साग्रा’च ठेवते. सांतेफीसिओसाठी मात्र ‘यात्रा’, कारण तिथे माणसं खरोखर चालत जातात.

राहिला ‘पालिओ’. त्याला शर्यत म्हणू का?

तोरिनोवासी

सिएनात आणि आस्तीत घोड्यांची, आल्बात गाढवांची, म्हणून ‘शर्यत’ बरोबर आहे, पण पुरेसं नाही. लॅटिन ‘पाल्लिउम’ म्हणजे कापड. जिंकणाऱ्या वस्तीला मिळणारा रंगवलेला पट म्हणजे मुळात पालिओ, त्यावरून शर्यतीचं नाव पडलं. सिएनात २ जुलै आणि १६ ऑगस्टला सतरा वस्त्यांपैकी दहा धावतात, आणि जिंकलेला पट वस्ती आपल्या संग्रहालयात जपते. ‘मानाच्या पटाची शर्यत’ कसं वाटतं?

अक्षरवेल

घेतला.